भिवराईची घसरण

वडजापुरात पोरांना खेळायला चांगली जागा कुठे, असं कुणालाही विचारा. तो तोंडातलं पान सांभाळत हात वर करून टेकडी दाखवील. नगरपालिकेची बागही आहे म्हणा. तिथल्या झोक्यांना साखळ्या आहेत, बसायच्या फळ्या नाहीत. ज्याला नुसत्या साखळीवर बसता येतं त्याने जरूर तिकडे जावं. बाकी सगळी दुनिया रविवारी डबे, चटया आणि रडकी पोरं घेऊन इकडे भिवराईच्या टेकडीला येते.

टेकडीच्या अंगाला हा एक अख्खा काळा खडक आहे. पोरांच्या बुडांनी घासून घासून तो इतका गुळगुळीत झालाय की त्यावर माशी बसली तरी घसरेल. मध्यावर त्याला पोट सुटलंय, अगदी सावकाराला सुटतं तसं. त्यामुळे माथ्यावर उभं राहिलं की पायथा दिसत नाही. हे पोट ध्यानात ठेवा.

आणि इथली रीत अशी की पोराला आधी बसू देत नाहीत. आधी घरातलं मोठं माणूस. मांडीवर वाळूची पुरचुंडी घ्यायची, खडकावर बसायचं आणि घसरायचं. तहसीलदार असो, डॉक्टरीणबाई असो, कुणाला माफी नाही. एका साहेबांनी आपल्या जागी शिपायाला पुढे केलं होतं. पोर साहेबाचं असेल तर शिपायाचं बूड चालत नाही, असं सांगून लोकांनी शिपायाला बाजूला बसवलं आणि साहेबांच्या विजारीचं जे व्हायचं ते झालं. खाली पोचलेल्याने वाळू पसरायची, जागा हाताने चाचपायची आणि वर तोंड करून ओरडायचं, "बघितलं!" मग पोर सुटतं.

हसू येतं ना? आत्ताच हसून घ्या. पुढे जागा मिळायची नाही.

असं सांगतात की, फार मागे, गावाला अजून वेससुद्धा नव्हती तेव्हा, नरसू तांबट नावाचा एक माणूस बायको-पोरीला घेऊन इथे राहायला आला. बायकोचं नाव भिवरा. पोरीचं सगुणा, पण हाक सगूच. घर म्हणजे एक खोली आणि पुढे पडवी. पडवीत भाता, निखारे आणि कातरलेले तांब्याचे पत्रे, त्यांच्या कडा सुरीसारख्या. त्यात ही सगू म्हणजे सुटलेली कोंबडी. एकदा तिचा पाय निखाऱ्यात पडता पडता राहिला. एकदा तिने घागरीत डोकं अडकवून घेतलं आणि आतून आवाज छान घुमतो म्हणून गाणीच म्हणत बसली. नरसू पोट धरून हसला. भिवरा हसली नाही. तिने मनाशी ठरवलं, या पोरीला खेळायला धड जागा शोधायची.

गाव नवं, तिला काय माहीत! तिने शेजारच्या चंद्राक्का तेलिणीला विचारलं.

"अगं, टेकडीचा खडक आहे की!" चंद्राक्का म्हणाली. "आम्ही सगळी त्यावरच वाढलो. खाली ही एवढी मऊ वाळू. गादीच म्हण."

देवळातल्या गुरवाला विचारलं, तो म्हणाला तशी जागा पंचक्रोशीत नाही. हैबतराव पाटलांच्या दारी घागर पोचवायला गेली तेव्हा त्यांनाही विचारलं. पाटील मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "आम्ही तिथे उभ्याने घसरायचो. उभ्याने!"

भिवरा प्रत्येकाला आणखी एक विचारायची म्हणे, "तुम्ही एवढ्यात जाऊन बघितलंय का?" आणि प्रत्येक जण हसायचा. "बघायचं काय त्यात? खडक काय पळून जातो?"

खडक पळाला नव्हता. वाळू गेली होती.

त्या साली पाटलांनी गावाची वेस बांधायला काढली होती. चुन्यात कालवायला वाळू हवी, ती प्रत्येक घराने आणून टाकायची असा हुकूम. नदी लांब. टेकडीचा पायथा जवळ, आणि ओढ्याच्या बाजूने तिथवर गाडीवाट. जो तो म्हणाला, एका पाटीने काय होतंय? चंद्राक्काच्या नवऱ्याने नेली. गुरवाने नेली, आणि देवाचा माणूस म्हणून जरा जास्तच नेली. नरसूनेही नेली. नवा माणूस, त्याने मागे कसं राहायचं? नेता नेता खालचे दगड उघडे पडले, वर टोकं करून उभे. सुगीचे दिवस होते, पोरं रानात पाखरं हाकायला गेलेली, त्यामुळे खडकावर तेव्हा चिटपाखरू नव्हतं. पाटलांचा गडी तेवढा एकदा म्हणाला, "मालक, खाली दगड निघालेत." पाटील म्हणाले, "पाऊस आला की ओढा भरील," आणि जेवायला बसले.

सुगी संपली. पोरं खडकाकडे निघाली. भिवरेच्या मनात होतं, पहिल्या दिवशी आपण सोबत जावं. पण लग्नसराईच्या घागरी चिंच लावून घासायच्या राहिल्या होत्या. तिने सगूची वेणी घातली, परकराच्या ओच्यात गुळाचा खडा बांधला आणि चंद्राक्काच्या पोरांबरोबर तिला धाडून दिलं.

पोरं मागच्या पायवाटेने माथ्यावर चढली. पहिलं कोण, यावर रीतसर भांडण झालं. मग चंद्राक्काची थोरली म्हणाली, "सगू नवी आहे. पहिला मान तिचा." पोरंच ती. मोठ्या माणसांना असं कधी सुचत नाही.

सगू बसली. आनंदाने किंचाळत सुटली आणि खडकाच्या पोटापलीकडे दिसेनाशी झाली. किंचाळणं मध्येच थांबलं. पोरांना वाटलं, लपली असेल. त्यांनी हाका मारल्या. मग पुन्हा मारल्या. मग कुणी हाक मारेना.

तिला घरी आणली तेव्हा ओच्यातला गूळ तसाच होता.

गावाने करायचं ते सगळं केलं. तांबटाच्या घरी भाकऱ्या पोचवल्या, शेजारणी येऊन बसल्या, रडल्या. खोटं कशाला बोला, खरंच रडल्या. आणि जाता जाता म्हणाल्या, तिचं तेवढंच होतं. मग भिवरा उठली आणि घरोघर गेली. प्रत्येक उंबऱ्याशी एकच विचारायची, "तुम्ही बघितलं होतं का?" कुणी नशिबावर ढकललं, कुणी देवावर. गुरवाने अंगारा दिला. 'नाही' एवढं साधं उत्तर कुणाच्या तोंडून आलं नाही. शेवटी ती घरी आली आणि तेच नरसूला विचारलं.

नरसूने भात्यावरचा हात काढला. "एक पाटी नेली," तो म्हणाला. "मागे वळून बघितलं नाही."

"मीही नाही," भिवरा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती टेकडी चढली आणि खडकाच्या माथ्यावर, बरोब्बर जिथून पोरं सुटतात तिथे जाऊन बसली. कुणी काही विचारलं की म्हणायची, "ज्याचं पोर, त्याच्या घरचं मोठं माणूस आधी घसरेल. खाली बघेल. मग पोर. तोवर मी इथून खाली पाय ठेवणार नाही."

आधी गावाला तिची दया आली. मग ताप व्हायला लागला. पोरं घरात कोंडली गेली, मग काय विचारता! मडकी फुटली, लोणच्याच्या बरण्या उपड्या झाल्या. चंद्राक्काची पोरं घाण्याच्या बैलाच्या शेपटीला लोंबकळायला लागली. म्हणून चंद्राक्काच आधी वर आली.

"भिवरे, पुरे झालं गं. नरसूला चार पाट्या टाकायला सांग, की मिटलं."

"टाकतील. उद्या कुणी परत उचलून नेईल. मग बघणार कोण?"

"तूच बघत जा."

"मी किती दिवस पुरणार, अक्का?"

चंद्राक्का आल्या वाटेने उतरली. घसरायला काही ती बसली नाही. तिला खालची जागा आठवली असणार.

मग एके दिवशी खुद्द हैबतराव पाटील टेकडी चढले. डोक्याला पागोटं, हाताला नातू बाजी, मागे निम्मा गाव तमाशा बघायला.

"ऊठ, तांबटणी. जागा गावाची आहे."

"गावाचीच आहे, पाटील. बसा."

"खाली सगळं भरून घेतलंय. गड्याला सांगितलंय मी."

"बघितलंत?"

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. गड्याने ओढ्याकडून येऊन दोन पाट्या भिरकावल्या होत्या आणि झाडाखाली झोप काढली होती. पाटलांना ते माहीत नव्हतं. माहीत नव्हतं, एवढं मात्र त्यांना नेमकं माहीत होतं.

"भरलंय म्हणजे भरलंय!" ते कडाडले. "माझा शब्द आहे."

"तुमचा शब्द पुढे येतोय," भिवरा म्हणाली, "आणि पाय मागे सरताहेत."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाजीने आजोबांचा हात ओढला. "आजोबा, बसा ना! तुम्ही तर उभ्याने घसरायचा." पाटील जागचे हलेनात. भिवरेने दोन्ही हात पसरून वाट अडवली होती, पण पोर म्हणजे पाणी. बाजी तिच्या हाताखालून निसटला, खडकावर बसला आणि सुटला.

मग पाटलांनी काय केलं ते ऐका, कारण त्यांची थट्टा करणाऱ्यांनाही हे सांगावं लागतं. त्यांनी पागोट्यासकट झेप घेतली. नातवाला कमरेला धरलं, उचलून आपल्या पोटावर घेतलं आणि दोघं तसेच खडकाच्या पोटापलीकडे गेले.

माथ्यावरची माणसं कडेकडे धावली. मग खालून बाजीच्या रडण्याचा आवाज आला. रडतोय म्हणजे आहे. भिवरा कडेशी ओणवी झाली आणि तिने हाक दिली, "पाटील, बघितलं का?"

बऱ्याच वेळाने उत्तर आलं म्हणे. "बघितलं, बाई. बघितलं."

बाजीला खरचटलंसुद्धा नव्हतं. पाटलांची पाठ मोडली होती. पावसाळ्यापर्यंत ते बाजेवर पडून होते. तिथूनच त्यांनी वेशीचं काम थांबवलं आणि सांगितलं, ज्याने नेली त्याने आणून टाका, नदीची आणा. ती वेस अजून अर्धी आहे, एसटी स्टँडापाशी. रिक्षावाले तिला टेकून झोपतात.

वाळू भरली. आता पहिलं कोण, म्हणून लोक एकमेकांकडे बघायला लागले. तेव्हा भिवरा उठली. तिने पदरात वाळू घेतली, खडकावर बसली आणि घसरली. सगू गेली ती जागा तिने तोवर कधी बघितली नव्हती. पदरातली वाळू तिने तिथे पसरली, हाताने चाचपली आणि तिथेच बसून राहिली. वर निम्मा गाव आणि सगळी पोरं उभी होती. एकही पोर 'चला ना' म्हणालं नाही. मग केव्हातरी खालून आवाज आला, "बघितलं!"

त्यानंतर ती परत वर चढली आणि जन्मभर तिथे बसली. नरसू तिथेच भाकरी आणून द्यायचा आणि जरा वेळ शेजारी बसून जायचा. म्हातारी झाली, दिसेनासं झालं, तरी कोण घसरलं आणि कोण नुसतं तोंडाने बोललं, हे तिला आवाजावरून कळायचं. एका पावसाळ्यात लोक वर गेले तर तिच्या जागी शिळा होती, बसलेल्या बाईएवढी. ती ही. शेंदूर लोकांनी नंतर लावला. बाकी देव भक्ताकडे बघतात. हिची भक्ताकडे पाठ आहे. हिचं तोंड घसरणीकडे.

तुम्हीही मोबाईलवर बघूनच आलात ना? कुणीतरी पाच तारे दिलेत, 'मुलांसाठी उत्तम जागा' असं लिहिलंय. देणारा खाली उतरला होता का, ते तेवढं लिहिलेलं नसतं.

आजही रविवारी माथ्यावर बाजार भरल्यासारखा गोंगाट असतो. बायका डबे उघडतात, पुरुष आपापल्या विजारींची काळजी करतात, पोरं रांगेसाठी भांडतात. मग कुणाचा तरी बाप पोट सावरत बसतो आणि घसरत दिसेनासा होतो. त्याचं पोर शिळेला एक हात लावतं, कडेशी वाकतं आणि विचारतं, "बाबा, बघितलं का?"

आजही, खालून उत्तर येईपर्यंत, माथ्यावर एकही डबा वाजत नाही.

घ्या, ही पुरचुंडी धरा. चपला इथेच राहू द्या.