घाटाखाली हवा भरताना

"…म्हणजे आपण बरोबर असूनही दरवेळी आपणच नमतं घ्यायचं का, अक्का?"

विद्याधर केळुसकर गाडीच्या चाकापाशी उकिडवे बसून विचारत होते. गिरिजाअक्का मठाच्या पायरीवर शेंगा सोलत होत्या. तरुणपणी त्यांच्यापाशी शिकायला आलेला हा शिष्य आता नोकरीतून निवृत्त झाला होता. बरोबर असण्यातून मात्र नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी कॅम्पर व्हॅन घेतली. आत बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी. नवरा-बायकोनं मिळून देश बघायचा, असं ठरलं होतं. बघता बघता दोघंही थकली. काल संध्याकाळी गाडी मठाच्या अंगणात आली, तेव्हा शरयूताई कुणाशी न बोलता आत जाऊन झोपल्या.

"झालं काय?" अक्कांनी विचारलं.

"खलबत्ता."

"कसला?"

"दगडी. तिच्या आईचा. मी सांगत होतो, नसतं वजन कशाला? ऐकेना. काल घाटमाथ्यावर उचलला आणि ठेवून दिला रस्त्याकडेला."

"मग?"

"मग काय… अबोला. थकलो, अक्का. मीच म्हटलं तिला, जा बहिणीकडे. आता येईल त्या बसनं जातेय. पुढचा प्रवास मी एकट्यानं करीन."

फाटकापाशी शरयूताई उभ्या होत्या. पायाशी पिशवी, पाठ गाडीकडे.

अक्कांनी तिकडे पाहिलं. मग चाकाकडे.

"आणि हे काय चाललंय?"

"हवा भरतोय. चाकं गार असतानाच मोजायची, ऊन चढायच्या आत." विद्याधररावांच्या आवाजात जरा हुशारी आली. "तीही भार बघून. सामान किती, पाणी किती, माणसं किती… कमी भरली तर चाक तापतं, जास्त झाली तर गाडी उसळते. लोक आपले डोळे झाकून भरतात."

"तू नाही भरत."

"छे! त्यात माझी चूक व्हायची नाही."

पंप घरघरत राहिला. ते एकेका चाकाशी बसत होते, गुडघे धरून उठत होते. मीटर लावायचं, थोडी भरायची, पुन्हा मीटर. शेवटच्या चाकाचं टोपण त्यांनी घट्ट फिरवलं आणि तिथेच गाडीला टेकले. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"झाली बरोबर?"

"अगदी."

"टाकीतलं पाणी?"

"काढून टाकलं. तेवढा भार वजा केला."

"खलबत्ता?"

"तोही वजा."

"शरयू?"

विद्याधरराव चाकाकडे वळले. मीटर पुन्हा चाकाला लावलं. आकडा रोजच्यापेक्षा उतरला होता, पण फक्त पाण्या-खलबत्त्यापुरता. वाकून टोपणाशी चाचपडत राहिले, पण हवा काही सोडवेना.

वळणावर बसचा हॉर्न वाजला. शरयूताईंनी पिशवी उचलली.

अक्कांनी ओच्यातली टरफलं झटकली.

"हवा तर तू दोघांची भरलीस, विद्याधर."