आळशी चाक

अवजारं आपलं गाऱ्हाणं मालकाला तोंडावर सांगायची, त्या काळातली ही गोष्ट.

तुळाजी कुंभाराचं चाक दगडी होतं, चांगलंच जड. ते फिरवणारी काठी रोज सकाळी कुरकुरायची. "हे चाक म्हणजे शुद्ध आळशी. सहा दणके दिल्याशिवाय जागचं हलत नाही. माझी कंबर मोडली, तुळाजीकाका."

संक्रांत तोंडावर आली होती आणि गावाला वाणासाठी सुगडं हवी होती. तुळाजीने काठीचं ऐकलं. दगडी चाक भिंतीला टेकवून त्याने पातळ फळीचं हलकं चाक बसवलं.

काठीने जरा ढोसलं, तसं ते भिरभिरलं. काठी खूश झाली. "याला म्हणतात चपळाई."

तुळाजीने मातीवर हात ठेवला आणि चाक थांबलं. काठीने पुन्हा फिरवलं. बोट टेकलं की ते थांबायचं. दुपारपर्यंत काठी शंभरदा धावली, तेव्हा एक वाकडं सुगड तयार झालं.

"काका," काठी धापा टाकत म्हणाली, "त्या आळशालाच परत आणा."

दगडी चाक पुन्हा जागेवर आलं. सहा दणक्यांनंतर कुठे ते हललं, पण मग फिरतच राहिलं. तुळाजीच्या हाताखालून एकापाठोपाठ एक आठ सुगडं उतरली. काठी कोपऱ्यात निवांत टेकली होती.

"काय गं," चाकाने फिरता फिरता विचारलं, "मी आळशी ना?"

"आहेसच," काठी म्हणाली. "तुला निघायचा कंटाळा आणि थांबायचाही. मला आजवर त्यातला एकच दिसला होता."