बेडकाची आवळ विजार

म्हणे, गोष्ट सांगा. या लेंग्यात मला मांडी घालून बसता येत नाही, आणि गोष्ट सांगा. बरं, ऐका. मध्ये बोलायचं नाही.

एक होता बेडूक. बोटाएवढा. आईने त्याला विजार शिवली ढगळ. वाढत्या अंगाची. विजार हलायची फडक फडक. बेडूक उडायचा टुणुक टुणुक.

शिंपी पक्षी म्हणाला, "काय हे गबाळं. थांब, फिटिंग करून देतो."

टीप मारली खच खच. पाय झाले पडवळासारखे. बेडूक पाण्यात बघून खूश.

मग उडी मारायला बसला. गुडघा वाकेना. टुणुक हरवली.

आई उंच बांधावर. उडीशिवाय चढायचं कसं?

बेडूक निघाला खुरड खुरड.

"शिंपीदादा, शिंपीदादा, टीप उसव."

"माझा काटा मोडला. बाभूळ नवा देईल, तर उसवीन."

खुरड खुरड.

"बाभूळबाई, बाभूळबाई, काटा दे.
शिंपी टीप उसवेना,
विजार सैल होईना,
टुणुक काही जमेना."

"मला तहान लागली. पाट पाणी सोडील, तर देईन."

खुरड खुरड.

"पाटदादा, पाटदादा, पाणी सोड.
बाभूळ काटा देईना,
शिंपी टीप उसवेना,
विजार सैल होईना,
टुणुक काही जमेना."

"माझ्यात म्हैस बसलीय आडवी. ती उठेल, तर सोडीन."

खुरड खुरड.

"म्हैसबाई, म्हैसबाई, ऊठ.
पाट पाणी सोडीना,
बाभूळ काटा देईना,
शिंपी टीप उसवेना,
विजार सैल होईना,
टुणुक काही जमेना."

"माझं कातडं बघ कसं ढगळ. मी बसले सुखात. मला उठवणारा अजून जन्मायचाय."

बेडूक लागला रडायला. तिथून चालली मुंगी, तुरू तुरू.

"मुंगीताई, मुंगीताई,
म्हैस बूड हलवीना,
पाट पाणी सोडीना,
बाभूळ काटा देईना,
शिंपी टीप उसवेना,
विजार सैल होईना,
टुणुक काही जमेना."

मुंगी म्हणाली, "माझी कंबर बघ. जन्मापासून आवळ. मला चालतं. तुला उडायचं असतं, बाबा. चल."

मुंगी शिरली म्हशीच्या कानात. चावली कुट्टुक.

म्हैस उठली धडपड धडपड.
पाटाने पाणी सोडलं झुळझुळ झुळझुळ.
बाभूळ प्याली गटक गटक.
काटा पडला टप.
शिंप्याने टीप उसवली टर्र टर्र.
विजार झाली सैल. फडक फडक.

शिंपी म्हणाला, "चुकलो रे. मी माप घेतलं उभ्याने. तू बसतोस कसा, ते बघितलंच नाही."

बेडूक बसला. गुडघे वाकले. टुणुक टुणुक टुणुक, थेट आईच्या मांडीवर.

झाली गोष्ट. आता उठवा मला.

शिंपी पक्षी तरी म्हणाला, चुकलो. माझा चांगला ढगळ लेंगा ज्याने फिटिंगला टाकला, तो अजून म्हणायचाय. तुमचाच बाप. सदाशिव.