वाढवलेल्या शाळेची कहाणी

ही कहाणी सांगायची नाही, असं मला बजावून ठेवलंय. "पोथीत आहे तेवढंच वाच, पदरचं काही घालू नको," असं प्रमिलाकाकू म्हणाल्या आणि घसा बसला म्हणून पोथी माझ्या हातात देऊन शिरा ढवळायला आत गेल्या. पोथीतली कहाणी वाचून झाली. तुमच्या मुठीत अक्षता अजून आहेत. म्हणून ही सांगते. हळू सांगते, जरा पुढे सरकून बसा.

ऐका वाचामाये, तुझी कहाणी.

आटपाट नगर होतं, नगरात कासारआळी होती, आळीच्या टोकाला नागोजी कासाराचं दुकान होतं. घरात नागोजी, त्याची बायको आणि त्याची विधवा बहीण गयाआत्या. नागोजीला तीन लेकी. थोरली उजवली, मधली उजवली, धाकटी राहिली. तिचं नाव आवडी. नाव आवडी खरं, पण तुझी आवड काय, असं तिला कधी कुणी विचारलं नाही.

कासाराच्या घरी एक शब्द फार जपत. बांगडी फुटली असं म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. नारळ फोडला म्हणायचं नाही, वाढवला म्हणायचं. दिवेलागणीनंतर दुकान बंद केलं म्हणायचं नाही, वाढवलं म्हणायचं. वाईट शब्द तोंडातून निघाला की त्याच्या मागोमाग वाईट घरात येतं, असं गयाआत्या म्हणे. तिच्या स्वतःच्या बांगड्या ऐन उमेदीत वाढवल्या होत्या. सगळ्या आळीच्या बायकांचे हात त्या दुकानात भरत. तिचे तेवढे मोकळे.

आवडी दहावी झाली. चांगली झाली. अकरावीला जाऊ लागली, तशी गयाआत्या म्हणाली, "नागोजी, आता हिची शाळा वाढवा. दुकानात हात हवाय." नागोजीनं मान हलवली. आईनं चुलीकडे तोंड केलं. आवडी काहीच बोलली नाही, कारण समोर गिऱ्हाईक बसलं होतं आणि त्याचा हात तिच्या हातात होता.

मग काय झालं? आवडी दुकानात बसू लागली. बायकांची बोटं जुळवावी, अंगठ्याखालचा उंचवटा दाबावा, बांगडी सरकवावी. गिऱ्हाईक नसलं की काचेच्या पेटीआड पुस्तक उघडावं. असं करता करता बाहेरून बारावीला बसली, पास झाली.

एके दिवशी एक मुलगी हिरव्या बांगड्या भरायला आली. तिच्या बोटांना चिखल वाळून बसला होता.

आवडी म्हणाली, "ताई, कुंभाराच्या का तुम्ही?"

ती हसली. "नाही गं. डोंगरावरच्या विद्यालयात शिकते. सकाळी गणित, दुपारी मातीकाम, रात्री तारे."

"तिन्ही एकाच ठिकाणी? चालतं?"

"चालतं. लहानसं आहे, खाजगी आहे. पोरं थोडी, झाडं फार. तू कोण होणार, असं पहिल्या दिवशी कुणी विचारत नाही. तुला काय पाहायचंय, असं विचारतात."

आवडीच्या मनात आलं, काचेला हिरवा रंग कशानं येतो हे मला पाहायचंय. आणि हिरवाच रंग सौभाग्याचा का, हेही पाहायचंय. पहिलं विचारलं तर विज्ञानवाले सांगतील, दुसरं विचारलं तर ते हाकलतील. दोन्ही एकाच दारात विचारता येतील, अशी जागा ही एकच दिसते.

तिनं घरी सांगितलं. गयाआत्या म्हणाली, "कासाराच्या पोरीला डोंगरावर काय काम? झाडांना बांगड्या भरणार? दिवाळीनंतर पाहुणे बघायला येतायत. लिहायचं तर लिही, कोण घेतंय तुला!"

आवडीनं अर्ज लिहिला. अर्जात एक प्रश्न होता: शिक्षणात खंड पडला असल्यास कारण सांगा. आवडीनं घरात बोलत तसंच लिहिलं, अकरावीत असताना घरच्यांनी माझी शाळा वाढवली. फीमाफीही मागितली, कारण त्याशिवाय जाणं होणार नव्हतं.

विद्यालयातली माणसं लांबलांबच्या शहरांतून आलेली. त्यांचं मराठी पुस्तकातलं. त्यांनी उत्तर पाठवलं: "मुलीची शाळा वाढवणारं घर विरळा. वाचून फार आनंद झाला. मात्र आमच्या माफीच्या जागा घरातून अडवलेल्या मुलींसाठी आहेत. तुमच्या घरच्यांना आमचा नमस्कार कळवा."

आवडीनं नमस्कार कळवला. गयाआत्या म्हणाली, "बघ! परक्यांनासुद्धा आमचं चांगुलपण दिसतं." आणि पोट धरधरून हसली.

मग दुसऱ्या दिवशी एक म्हातारी दुकानात आली. अंगावर जुनेर, मनगटं सुजलेली. हात पुढे करून म्हणाली, "पोरी, माझी बांगडी फुटली."

दुकानातल्या बायकांनी कानांवर हात ठेवले. "आजी, वाढवली म्हणा! शुभ बोला!"

म्हातारी म्हणाली, "वाढली असती तर दोनाच्या तीन झाल्या असत्या. माझ्या तर दोनाची एक झाली. मोजून घ्या."

आवडीला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. म्हातारीनं विचारलं, "पोरी, तुझं काय फुटलं?"

"काही नाही आजी. शाळा वाढवली."

"पुन्हा तेच!" म्हातारी म्हणाली. "तुला मी एक वसा देते, घेशील का?"

"वसा कशानं करायचा? आमच्याकडे दूध नाही, तूप नाही."

"काही लागत नाही. मोडलं त्याला मोडलं म्हणावं. थांबवलं त्याला थांबवलं म्हणावं. आणि कुणी केलं, त्याचं नाव घ्यावं. इतकाच वसा."

"अन् मोठ्या माणसांचं नाव कसं घेऊ? उतले, मातले असं होईल."

"उततं ते दूध," म्हातारी म्हणाली. "तू कुठं चुलीवर आहेस? आणि स्वतः केलं असेल तर स्वतःचंही नाव घे. मग कोण तुला मातली म्हणेल ते बघू."

आवडीनं म्हातारीचा हात हातात घेतला, सुजेवरून अलगद बांगडी सरकवली. मान वर केली तर समोर कुणी नव्हतं. नव्या बांगडीची किणकिण तेवढी आळीतून लांब जात होती.

आवडीनं वसा घेतला. पण घेतला तो अर्धाच. दुसरा अर्ज केला, त्यात 'वाढवली' खोडलं, आणि लिहिलं: शाळा बंद झाली. कुणी केली ते नाही लिहिलं. हात धजला नाही.

विद्यालयातून उत्तर आलं: "शाळा बंद झाल्याचं वाचून वाईट वाटलं. तसा मुख्याध्यापिकांचा दाखला आणावा." आवडी शाळेत गेली. मुख्याध्यापिका चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "बंद? अगं, घंटा ऐकू येत नाही का तुला? पोरं डबे खातायत बाहेर! माझ्या शाळेची बदनामी करतेस होय?" त्यांनी दाखला दिला, शाळा एक दिवसही बंद नव्हती असा. तो विद्यालयात पोचला, आणि अर्ज परत आला. खोट्या माहितीला तिथं जागा नाही, असं वर लिहिलं होतं.

आवडीला राग आला. विद्यालयाचा आला, मुख्याध्यापिकेचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या एका शब्दाचा आला. बंद झाली म्हणे! आपल्या आपण झाली का? वाऱ्यानं दार लागतं, तशी लागली का?

ती चुलीपाशी जाऊन उभी राहिली. "मी आता अर्ज करणार नाही. मी जाणार. तोंडानं सांगणार."

नागोजी गयाआत्याकडे बघू लागला. आई पहिल्यांदाच बोलली. म्हणाली, "जाऊ दे तिला. मी दुकानात बसते."

"एकटी कशी जाईल?" गयाआत्या म्हणाली. "मी जाते बरोबर. तिथं काय बोलायचं ते मी बोलेन. तुझी परतीची वाट मीच दाखवीन तुला."

दोघी डोंगर चढल्या. वर पोचल्या तर एक बैठं घर, भोवती झाडं, ओसरीवर वाळत घातलेली मातीची भांडी. आत प्राचार्यबाई बसल्या होत्या, दोन्ही बाजूंना दोन शिक्षक. प्राचार्यबाईंनी दोन्ही जुने अर्ज पुढ्यात ठेवले होते.

"आवडी, तू एकदा लिहितेस शाळा वाढवली. एकदा लिहितेस बंद झाली. खरं काय?"

आवडीनं तोंड उघडायच्या आत गयाआत्या म्हणाली, "वाढवली हो वाढवली! आम्हीच वाढवली. मुलगी लाजरी आहे, तिला बोलता येत नाही. आमच्याकडे हिला काही कमी नाही. तुमच्या माफीबिफीची गरज नाही आम्हाला. चल गं."

शिक्षकांनी एकमेकांकडे बघितलं. प्राचार्यबाईंनी दोन्ही अर्ज उचलले, बाजूला ठेवू लागल्या.

आवडीला वाटलं, आता उठावं, नमस्कार करावा, डोंगर उतरावा. मग दिवाळी येईल, मग पाहुणे येतील, मग कुणाच्या तरी दुकानात दुसऱ्या कुणाचे हात. तिनं हातातली हिरवी बांगडी बघितली. स्वतःच्या हातानं भरलेली. तिनं ती काढली, टेबलाच्या कडेवर ठेवली, आणि मूठ आपटली.

खळ्ळकन आवाज झाला. कासाराच्या लेकीनं जाणूनबुजून बांगडी फोडली, असं त्या नगरात कधी घडलं नव्हतं.

गयाआत्या किंचाळली, "अगं अवदसे! बांगडी वाढवलीस!"

आवडी वळली. "ऐकलंत बाई? ही अशी बांगडी झाली की आमच्या घरी तिला वाढवली म्हणतात. माझी शाळा अशी वाढवली."

प्राचार्यबाईंनी हातातले अर्ज पुन्हा पुढ्यात ठेवले.

"बांगडी फुटली नाही, बाई. मी फोडली. आणि माझी शाळा बंद झाली नाही. माझ्या गयाआत्यानं ती बंद केली. आबांनी मान हलवली. आई गप्प बसली. मीही गप्प बसले. पुढं बारावी मी दुकानात बसून केली. मी केली. मला काच शिकायचीय आणि काचेमागच्या गोष्टीही शिकायच्यात, आणि तुमची माफी मला हवीय. आता घ्यायचं तर घ्या, नाही घेतलंत तर पुढल्या वर्षी पुन्हा येईन."

एक शिक्षक खाली वाकून तुकडे वेचू लागले. प्राचार्यबाई म्हणाल्या, "टेबलावरचे राहू द्या, सर. हा अर्ज मला नीट वाचू द्या." आणि त्या टेबलावरच्या तुकड्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आवडी, सामान केव्हा आणतेस?"

जागा मिळाली, माफी मिळाली. दोघी डोंगर उतरू लागल्या. पहिल्या वळणावर गयाआत्या बोलली नाही. दुसऱ्या वळणावर बोलली नाही. तिसऱ्या वळणावर म्हणाली, "चारचौघांत माझं नाव घेतलंस."

"घेतलं."

"लाज नाही वाटली?"

"वाटली. तरी घेतलं."

गयाआत्या दगडावर बसली. मोकळी मनगटं मांडीवर ठेवली. "माझ्याही वाढवल्या होत्या गं. सगळे तसंच म्हणाले."

"कुणी, आत्या?"

आत्यानं एक मनगट दुसऱ्या हातानं झाकलं. मग म्हणाली, "फोडल्या. माझ्या सासूनं फोडल्या, दगडावर हात ठेवून. अन् चौघींनी मला धरलं होतं." आणि ती रडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा रडली. नाक पुसून म्हणाली, "ते तुकडे वेचलेस का तिथले? कुणाच्या पायात जातील."

"सरांनी वेचले."

"पुरुषानं वेचले? बरं केलं."

वसा पुरा झाला, मग त्याचं उद्यापन करावं. ते कसं? पाच जणींना बोलवावं, हिरवी बांगडी भरावी, आणि प्रत्येकीला विचारावं, तुझी आवड काय. आवडीनं आळीतल्या चौघी बोलावल्या. पाचव्या पाटावर गयाआत्याला बसवलं. बायका कुजबुजल्या, दोघी उठून गेल्या. त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी येऊन बसल्या.

आत्यानं हात मागे घेतला. "अगं, लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, आवडीनं भरली. खरंच तर आहे." आवडीनं तिची बोटं जुळवली, अंगठ्याखालचा उंचवटा दाबला, बांगडी सरकवली. "आत्या, तुझी आवड काय?"

आत्यानं हात हलवून किणकिण ऐकली. म्हणाली, "थांब जरा. आठवू दे."

बाहेर आळीत तशीच किणकिण कुणाच्या तरी हातात वाजत गेली. आवडीनं ओळखली, पदर पसरून नमस्कार केला, आणि दुसऱ्या दिवशी ट्रंक घेऊन डोंगर चढली.

जशी वाचामाय आवडीला पावली, तशी तुम्हांआम्हांला पावो. ज्यांची शाळा वाढवली असेल, त्यांना खरा शब्द सापडो. ज्यांनी वाढवली असेल, त्यांना तो ऐकवणारी घरातच भेटो. साठ उत्तरं मनात राहिली, त्यांतली पाच मी तुमच्यापुढे बोलले, ही कहाणी पाचां उत्तरी सुफळ...

"कोण बोलतंय गं इतकं? पोथी मिटली ना तुझी? ये इकडे, नारळ वाढवायचा राहिलाय!"

आले काकू! द्या इकडे, नारळ मी फोडते!