मेलेला खांब

होळीनंतर आमच्या वाडीवरचा डोंगर पेटला आणि तीन दिवस जळत राहिला. मागे उरले काळे बुंधे आणि घोटाभर राख. पाखरूही ओरडेना.

राख अजून गरम होती, तोच लाकडाचा ठेकेदार रंगराव आला. राख सावडायच्या आत मेल्याची भांडीकुंडी मागायला कोणी येतं का? हा निलाजरा आला. ठकूबाईच्या पडवीत खांबाला टेकून बसला आणि झाडं तोडायच्या कागदावर वाडीचे अंगठे मागू लागला.

ठकूबाई म्हणाली, "झाडं राहू द्या, शेठ. पावसात डोंगराची माती खाली आली तर वाडी गाडली जाईल."

"अगं बाई, झाडं मेली. मेलेलं लाकूड काय धरून ठेवणार?"

ठकूबाई आत गेली, कुऱ्हाड घेऊन आली आणि त्याच खांबावर तिने दणका घातला. रंगरावाने अंगणात उडीच मारली.

"वेड लागलं का तुला? छप्पर अंगावर येईल!"

"कसं येईल? खांब ऐनाचा आहे. ते झाड मरून तीस वर्षं झाली. मेलेलं लाकूड काय धरून ठेवणार, शेठ?"

कागद कोराच परत गेला.

पलीकडच्या वाडीने मात्र आधीच अंगठे दिले होते. श्रावणात त्यांची विहीर गाळाने भरली आणि डोंगराखालची दोन घरं आता दिसत नाहीत.

आमचे काळे बुंधे अजून उभे आहेत. बघवत नाहीत. पण त्यांच्या खाली आमच्या चुली पेटतात.