दोल्सामाय, आत ये

फार फार मागं, ज्या राजांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत त्यांच्या काळी, फ्रान्सच्या दक्षिणेला व्हेरान नावाचं डोंगरगाव होतं. तिथं दोल्सा नावाची यहुदी सुईण राहत होती. तिचा हात पाठीवरून फिरला की कळा सोसवत, पायाळू मूलही सुखरूप बाहेर येई. अर्धं गाव तिच्याच हातावर जन्मलं होतं, असं म्हणतात.

एका उन्हाळ्यात दवंडी पिटली. यहुद्यांनी घरंदारं सोडून राज्याबाहेर चालतं व्हावं. दोल्सा आणि तिचा नवरा नेसत्या कपड्यांनिशी निघाले. वाटेच्या दोन्ही कडांना तिच्याच हातावर जन्मलेली माणसं उभी होती. कुणी अडवलं नाही, कुणी नजर वर केली नाही. तेच तिच्या जास्त जिव्हारी लागलं. तिच्या घरात शेजारीण गिराल्डा राहायला गेली.

पुढं तो राजा मेला. त्याच्या मुलानं यहुद्यांना परत यायची मुभा दिली. दोल्सा आली ती नवऱ्याला परक्या मुलखात माती देऊन, एकटी. गावानं तिला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. ती वेशीबाहेरच्या ओस मेंढवाड्यात राहिली.

तशातच गिराल्डाची सून अडली. रात्रीपासून कळा देत होती, सूर्य माथ्यावर आला तरी सुटका होईना. तेव्हा गिराल्डा मेंढवाड्यात आली नि मान खाली घालून म्हणाली, "सून जाईल गं माझी. चल."

दोल्सा धावतच निघाली. पण स्वतःच्याच उंबऱ्याशी पोचली आणि तिचे पाय जमिनीला खिळले. आतलं कण्हणं ऐकून जीव तुटत होता, पण पाऊल उचलेना.

"एकटीच्या बोलावण्यानं नाही व्हायचं," ती म्हणाली. "मी गेले तेव्हा सगळेच उभे होते."

गिराल्डा रस्त्याच्या मधोमध उभी राहून हाका मारू लागली. दारं उघडली. गिरणीवाला आला, धनगर आले, पाद्रीही आला, तोही तिच्याच हातावरचा. एकेकजण म्हणाला, "दोल्सामाय, आत ये." शेवटचा म्हणाला तेव्हा पाय सुटले, असं म्हणतात.

मूल बाहेर आलं ते निळं पडलेलं. दोल्सानं त्याच्या तोंडात फुंकर घातली नि ते रडलं.

"आम्ही उद्या घर रिकामं करतो," गिराल्डा म्हणाली.

"ओली बाळंतीण घेऊन कुठं जाशील? मला घराबाहेर काढलं होतं गं. माझ्या हातून ते व्हायचं नाही."

मग त्या एकाच छपराखाली राहिल्या. चुली दोन. शनिवारी दोल्साला धर्मानं विस्तव चालत नसे, तेव्हा तिची चूल गिराल्डा पेटवी.

राजांचं मन पुन्हा फिरलं आणि पुन्हा दवंडीवाला आला. दोल्सा दारात बसली होती.  त्यानं तोंड उघडलं, तोच एका घरात तान्हं रडू लागलं. मग दुसऱ्या घरात. मग दोल्साच्या हातावर जन्मलेली मोठी माणसंही तोंडं उघडून रडू लागली, चर्चच्या पायरीवर पाद्रीसुद्धा. दवंडीचा शब्द कुणाला ऐकू येईना. दवंडीवाला कान झाकून निघून गेला.

"ऐकूच आला नाही तो हुकूम पाळायचा कसा?" गाव म्हणालं. दोल्सा आपल्याच घरात म्हातारी होऊन गेली.

अजूनही व्हेरानात बाई अडली की घरातलं थोरलं माणूस दार सताड उघडतं आणि रस्त्याकडे बघून म्हणतं, "दोल्सामाय, आत ये." शेजारीपाजारी आपापल्या दारातून तेच म्हणतात. बर्फ उंबरा ओलांडून आत आला, तरी बाळाचा टाहो ऐकू येईपर्यंत ते दार कुणी लोटत नाही.