टिकलीचं ऊन कुणी खाल्लं?

उसाचा गूळ करतात ना, ते गुऱ्हाळ. गुऱ्हाळामागं होता एक दगड. दगडावर रोज ऊन यायचं. उन्हात टिकली बसायची.

टिकली म्हणजे इवलीशी सरडी.

एका सकाळी ऊन आलंच नाही! दगड गार. पोट गार. शेपूट तर गारेगार!

टिकली निघाली. सुळुक सुळुक. उंच उसावर चढली.

"सूर्यदादा, सूर्यदादा, माझं ऊन दे ना."

"मी दिलंय गं! धुरानं मध्येच खाल्लं. धूर हटला, की ऊन येईल."

सुळुक सुळुक.

"धूरभाऊ, धूरभाऊ, हट ना. ऊन येईना!"

"मी म्हणजे काळे काळे कण. बारीक, बारीक, बारीक! हवेत तरंगतो. मटामटा ऊन खातो. भट्टीचे ढेकर थांबले, की हटतो."

सुळुक सुळुक.

"भट्टीताई, भट्टीताई, थांब ना. धूर हटेना, ऊन येईना!"

"भॉक्! उसाची ओली चिपाडं खाल्ली. भॉक्! पोट बिघडलं. हैबतीमामांनी वाळकी चिपाडं दिली, की थांबते."

सुळुक सुळुक.

"हैबतीमामा, हैबतीमामा, वाळकी चिपाडं द्या ना. भट्टी थांबेना, धूर हटेना, ऊन येईना!"

मामा गूळ ढवळत होते. डोळे चोळत म्हणाले, "कुठनं देऊ गं पोरी? चिपाडांवर म्हैस बसलीया. ती उठली, की देतो बघ."

सुळुक सुळुक.

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, ऊठ ना. मामा देईनात, भट्टी थांबेना, धूर हटेना, ऊन येईना!"

"शूऽऽ! डोक्यावर बगळा झोपलाय. तो उठला, की उठते."

सुळुक सुळुक. थेट शिंगावर!

"बगळोबा, बगळोबा, ऊठ ना. म्हैस उठेना, मामा देईनात, भट्टी थांबेना, धूर हटेना, ऊन येईना!"

बगळ्यानं एकच डोळा उघडला.

"इतका अंधार, म्हणजे रात्रच. ऊन आलं, की उठतो!"

आता काय करायचं? बगळा उठला, तर ऊन येणार. ऊन आलं, तर बगळा उठणार!

टिकलीला रडू आलं. रडता रडता धूर नाकात गेला. नाक हुळहुळलं.

"आऽ... आऽ... आच्छीऽऽ!"

"अगं आई गं, भूत!"

फडफड फडफड! बगळा उडाला. म्हैस उठली. मामांनी वाळकी चिपाडं दिली. भट्टी थांबली. धूर हटला. आणि ऊन?

धप्पकन दगडावर पडलं!

टिकली ऐसपैस पसरली. पोट गरम. पाठ गरम. शेपूट तर गरमागरम!

झाडावरून बगळा ओरडला, "उजाडलं, उजाडलं! उठा रे आळशांनो!"

गोष्ट झाली,
टिकली उन्हात झोपी गेली.